दागरोसच्या दुधाइतकं ऊन

मोन्सने पहिली बिअर गारठ्याने मारली आणि दुसरी उकाड्याने.

दोन्ही वेळा पुस्तकात पाहूनच केले होते, हे त्याला जास्त लागले. अडतीस वर्षे तालुक्याच्या ग्रंथालयात काढलेल्या माणसाने पुस्तकावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? मुलीने, लिव्हने, ओस्लोहून एक पातळशी पुस्तिका आणि काचेचा थर्मामीटर पाठवला होता. बिअर आंबताना तापमान वीस अंशांच्या वर जाऊ देऊ नये, असे पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापले होते. मोन्सने ऑक्टोबरात बरोबर विसाव्या अंशाला सातूच्या काढ्यात विरजण घातले. ते पिंपाच्या तळाशी जाऊन जे झोपले ते उठलेच नाही. आठ दिवसांनी वर हिरवट बुरशीची टोपी आली. नोव्हेंबरात त्याने काढा जरा जास्त गरम ठेवायचे ठरवले, पण जरा म्हणजे किती याचा विचार करता करता थर्मामीटर हातातून निसटला आणि दगडी फरशीवर फुटला. मग अंदाजाने घातले. विरजण पोळून मेले.

नवा थर्मामीटर दुकानात मिळाला असता. पण कोणत्या आकड्यावर थांबायचे हेच ठाऊक नसेल तर तो घेऊन करायचे काय?

बिअरचे हे विरजण सिन्नेवाचे होते. तिच्या आजीकडून आईकडे, आईकडून तिच्याकडे आलेले. बर्चच्या लाकडाच्या चकत्या ओवून केलेले एक कडे चुलीवरच्या तुळईला टांगलेले असे. दर खेपेला ते पिंपातल्या फेसात बुडवायचे आणि वाळवून परत टांगायचे. पुढच्या खेपेला तेच कडे नव्या काढ्यात सोडले की विरजण जागे होई. सिन्नेवा एप्रिलमध्ये गेली. तिचे कपडे लिव्हने वाटून टाकले, कुंड्यांतली झाडे मोन्सच्या हातून वाळली. दोन बिअरींसाठी त्यावरचे विरजण खरवडून घातल्यावर कड्यावर आता चार बोटे रुंदीचा करडा पापुद्रा तेवढा शिल्लक होता. तिच्या हातचे जिवंत असे घरात एवढेच उरले होते. तेही जिवंत आहे की नाही, हे त्याला नक्की माहीत नव्हते.

विरजण मेले तर शेजाऱ्याकडून मागून आणायला या डोंगरात कोणी लाजत नसे. शेजारच्या आस्मुंडने बादलीभर दिले असते. पण आस्मुंडच्या बिअरला ओल्या मोज्यांचा वास यायचा. सिन्नेवाच्या बिअरला संत्र्याच्या सालीचा यायचा.

नाताळ दहा दिवसांवर आला तेव्हा मोन्सने मन घट्ट केले आणि एका गुरुवारी सकाळी भट्टीघराची चूल पेटवली. ज्युनिपरच्या फांद्यांचे पाणी उकळले, सातू भिजवला, गोड काढा गाळून तांब्याच्या हंड्यात चढवला. धुराड्यातून धूर निघाला. धूर खालपर्यंत दिसतो. गुरुवारी धूर दिसला की शनिवारी दुपारी पिंप उघडायला, न बोलावता, सगळी आळी हजर होते. त्यांना कोणी मोजायला शिकवावे लागत नाही.

उकळता काढा पिंपात ओतून मोन्स ढवळायची काठी ठेवायला वळला आणि भट्टीघराच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याची नजर गेली. दार नेहमी उघडे, भिंतीला टेकलेले असायचे. आज वारा म्हणून त्याने ते लावले होते. लाकडावर पेन्सिलीने, सिन्नेवाच्या तिरक्या अक्षरात, एकच ओळ होती:

विरजण दागरोसच्या दुधाइतकं ऊन.

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने ही ओळ पाहिली नव्हती. पाहणार कसा? विरजण घालायची वेळ आली की सिन्नेवा त्याला लाकडे फोडायला बाहेर पाठवायची. कारण विरजण घालताना आरोळी ठोकायची असते. जेवढी मोठी आरोळी तेवढी जोरकस बिअर, आणि घालणाऱ्याच्या मनात जे असेल तेच पिणाऱ्याच्या डोक्यात चढते, अशी इकडची पक्की समजूत. सिन्नेवाची आरोळी खाली तळ्याकाठच्या धक्क्यापर्यंत जायची. मोन्स लग्नात ‘हो’ म्हणाला की नाही हे पाद्र्याला तीनदा विचारावे लागले होते.

त्याने पिंपात बोट घालून पाहिले. चटका बसला. म्हणजे तास-दीड तास हाताशी होता. डोक्यावर टोपी चढवून तो बर्फ तुडवत आस्मुंडकडे निघाला.

आस्मुंड गोठ्याच्या दारात उभा राहून कॉफी पीत होता. त्याची बायको ब्रिटा आत चारा टाकत होती.

“दागरोस आहे का?” मोन्सने विचारले.

“नाही बाबा, केस कापायला गेलीये,” आस्मुंड म्हणाला. “गाय आहे ती, मोन्स! डिसेंबरात कुठं असणार?”

“तिचं दूध किती ऊन असतं?”

“चार अंश.”

“चार?”

“टाकीत चार. यंत्रातनं पाईपात, पाईपातनं टाकीत. टाकी चार अंशांवर.”

“टाकीच्या आधी?”

“आधीचं कोण बघतंय? वीस वर्षांत मी माझ्या गाईचं दूध हातावर घेतलेलं नाही. टँकरवाला तिला माझ्यापेक्षा जवळचा आहे.”

मोन्सने दारावरची ओळ सांगितली. सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की ब्रिटाला चाऱ्याचा काटा खाली ठेवून जवळ यावे लागले.

“पण कुठली दागरोस?” ती म्हणाली. “ही नववी आहे. आईचं नाव लेकीला, असं आमच्याकडं चालत आलंय. सिन्नेवानं लिहिलं तेव्हा पाचवी असेल.”

“पाचवीच,” आस्मुंड म्हणाला. “नाहीतर सहावी. पाचवीचं दूध ऊन होतं. सातवीचं नाही. सातवी सगळ्याच बाबतीत थंड.”

“काहीतरीच! गाई सगळ्या सारख्याच ऊन असतात,” ब्रिटा म्हणाली.

“तुला काय माहीत?”

“नवरेसुद्धा सगळे सारखेच, असं लोक म्हणतात. मी एकच हात लावून बघितलाय, म्हणून गप्प बसते.”

मोन्स खाली पायांकडे बघत उभा राहिला. “काढा निवतोय,” तो एवढेच म्हणाला.

ब्रिटाने हात धुतले, जुनी बादली काढली आणि दागरोसखाली बसली. तिला हाताने धार काढता येत होती. त्या डोंगरात आता तिच्या एकटीलाच येत होती. बादलीत चार बोटे दूध आले तसे मोन्सने ती बकऱ्याच्या कातड्यात गुंडाळली आणि पळत सुटला. दोन्ही घरांमध्ये चारशे पावले. भट्टीघरात पोहोचून एक हात बादलीत आणि एक पिंपात घातला तर दूध सरळ गार लागले. इतक्या गार दुधावर भरवसा ठेवला असता तर पुन्हा ऑक्टोबरच झाला असता. दुसऱ्या खेपेला तो अधिक जोरात पळाला, आणि फाटकापाशी पाय घसरून दूध सगळे बर्फावर. तिथे बर्फ वितळून एक खळगा पडला. मोन्सने त्या खळग्यात बोट घालून पाहिले. माणूस घायकुतीला आला की काय काय करतो.

“पन्नास पावलांना एक अंश उतरतो,” मोन्स रिकामी बादली घेऊन गोठ्यात परतला तेव्हा आस्मुंडने अनुमान काढले. “आठ अंश मिळवून धर.”

“कशात मिळवू? मुळात किती हेच माहीत नाही.”

“मग काढा गोठ्यात आणू.”

“दोनशे लिटरचं पिंप?” ब्रिटा म्हणाली. “आणि वाटेत काढा निवणार नाही वाटतं? तो काय कोट घालून येणारे?”

मग तिघांनीही एकदमच दागरोसकडे पाहिले.

दागरोस सप्टेंबरपासून गोठ्याबाहेर पडली नव्हती. ब्रिटाने तिच्या पाठीवर पाहुण्यांची रजई बांधली. इकडे बर्फावर पाय घसरू नयेत म्हणून माणसे बुटांवरून लोकरी मोजे चढवतात. ते माणसाला चालते तर गाईला का नाही, असे म्हणत आस्मुंडने तिच्या खुरांवर आपले मोजे चढवले. करडे तीनच सापडले. चौथ्या पायात नाताळच्या भेटीचा लाल मोजा गेला. अशी ती वरात फाटकातून आत शिरली. मोन्स पुढे, आस्मुंड दावे धरून, ब्रिटा शेपटीमागे बादली घेऊन. खालच्या रस्त्यावरून टपालाची गाडी जात होती. ती थांबली, थोडा वेळ थांबूनच राहिली, आणि मग हळू हळू पुढे गेली.

भट्टीघरात वाफ आणि ज्युनिपरचा वास कोंडला होता. दागरोसने आत येताच कोपऱ्यातल्या टबात तोंड घातले. त्यात गाळून उरलेला सातूचा चोथा होता. ब्रिटा स्टूल घेऊन बसली. तिने सड ओढले, कास चोळली, पुन्हा ओढले. थेंब नाही.

“पान्हा चोरतेय,” ती म्हणाली. “परकं घर आहे ना. आणि तुम्ही दोघं असे डोळे फाडून बघताय.”

मोन्सला ते लगेच पटले. कोणी बघत असले की त्याला स्वतःला सहीसुद्धा करता येत नसे. त्याने भिंतीकडे तोंड केले आणि आस्मुंडलाही करायला लावले. दोघे म्हातारे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मागे बादलीत पहिली धार वाजली.

मोन्स पाठमोराच सरकत सरकत पिंपापर्यंत आला. डावा हात मागे करून त्याने धारेखाली धरला, उजवा काढ्यात घातला.

“काय म्हणतोय?” आस्मुंडने भिंतीला विचारले.

“उजवा जास्त आहे.”

ब्रिटा धार काढत राहिली. दूध मोन्सच्या बोटांवरून बादलीत पडत होते. एक सड संपला. दुसरा धरला.

“आता?”

“अजून उजवा.”

“अरे, दूध काही विहिरीचं नाही, मोन्स. तिसरा संपत आला!”

“थोडं हळू काढ.”

“हळूच काढतेय! हिला वाटत असेल मी झोपले.”

चौथ्या सडाची धार बारीक व्हायला लागली आणि मोन्सला आपला डावा हात कुठला आणि उजवा कुठला हे कळेनासे झाले. दोन्ही हात एकाच उबेत होते. धारोष्ण दुधाची ती ऊब त्याने आयुष्यात पहिल्यांदा अनुभवली, तरी ओळखीची वाटली. सिन्नेवाच्या हाताला भट्टीच्या दिवशी तीच असायची.

“आता,” तो म्हणाला.

त्याने कडे काढ्यात सोडले. करड्या पापुद्र्याचा डाग गोल फिरत खाली गेला.

“ओरड,” आस्मुंड म्हणाला.

मोन्सने तोंड उघडले. काही आले नाही.

“ओरड लेका! नाहीतर धुण्याचं पाणी होईल त्याचं!”

“तू ओरड.”

“मी कसा ओरडू? विरजण तुझं. मी ओरडलो तर मोज्यांचा वास येईल.”

आपल्या बिअरला कसला वास येतो हे आस्मुंडला माहीत होते तर! या धक्क्याने म्हणा किंवा आणखी कशाने, मोन्सच्या गळ्यातून आवाज निघाला. सिन्नेवा जे शब्द ओरडायची ते त्याला लाकडाच्या शेडमधून त्रेचाळीस वर्षे ऐकून पाठ होते. तो कुठलासा प्राचीन मंत्र असावा म्हणून त्याने तीन शब्दकोश धुंडाळले होते, कशातच सापडला नव्हता.

“कूऽऽ क्यूरा,” तो म्हणाला. “कूऽऽ, कोम!”

गंजलेली बिजागरी करकरावी तेवढाच तो आवाज. पण दागरोसने टबातून तोंड वर काढले. मोन्सकडे नीट पाहिले. आणि मान ताणून असा काही हंबरडा फोडला की खुंटीवरची झाकणे खाली पडली, छपरावरचा बर्फ धाडकन दारासमोर कोसळला आणि पिंपातल्या काढ्यावर लहर उठली.

सगळे शांत झाल्यावर आस्मुंड म्हणाला, “अरे, ही तर गुरं बोलवायची हाक!”

“शब्दकोशात नव्हती,” मोन्स म्हणाला.

“कशी असेल? ती गाईंसाठी असते,” ब्रिटा म्हणाली. “सिन्नेवा लहानपणी उन्हाळभर डोंगरावर गुरं राखायची.”

“तरीच! ती भट्टी लावायची त्या दिवशी आमची गुरं कुंपण मोडून इकडं धावायची. मी दोन वर्षं कुंपणवाल्याला शिव्या देत होतो. एकदा तर त्याचे पैसेही कापले.”

मग गाईने दिलेली आरोळी चालते का, यावर दोघा नवराबायकोत वाद झाला. आस्मुंडच्या मते चालत नव्हती, कारण विरजण गाईचे नव्हते. ब्रिटाच्या मते मोन्सने सुरुवात केली होती, दागरोसने फक्त री ओढली. मोन्स तोपर्यंत पिंपाला रजया गुंडाळत होता. विरजण ऊन काढ्यात पडले एवढ्याने भागत नाही, दोन दिवस ती ऊब टिकली पाहिजे, आणि दाराबाहेर उणे बारा होते. दोन रजया, मेंढीचे कातडे, त्याचा स्वतःचा ओव्हरकोट. तरी दगडी भिंतीच्या बाजूने गारठा झिरपत होताच.

“चल गं,” आस्मुंडने दावे ओढले.

दागरोस हलली नाही. आस्मुंडने पुन्हा ओढले. तिने पुढचे गुडघे टेकले, मग मागचे, आणि एक लांब सुस्कारा सोडून ती पिंपाला पाठ लावून, भिंत आणि पिंप यांच्या मधोमध, आडवी झाली.

“हाक मारलीस ना,” ब्रिटा मोन्सला म्हणाली. “आली. आता तुझी पाहुणी.”

असा आस्मुंडचा गोठा दोन दिवस मोन्सच्या भट्टीघरात हलला. सकाळ-संध्याकाळ ब्रिटा धार काढायला यायची, आस्मुंड कॅन उचलायला. येताना वाफल आणि तपकिरी चीज आणायचे. एप्रिलनंतर त्या घरात तीन कप पहिल्यांदाच एकदम धुतले गेले.

मधल्या वेळात मोन्स पहारा देई. दागरोस बसलेली असली की पिंप ऊन राही, ती उठली की लगेच गार पडायला लागे. ती उठू नये म्हणून काय करावे? शुक्रवारी सकाळी, काही सुचेना म्हणून, त्याने घरातून एक पुस्तक आणले आणि मोठ्याने वाचायला घेतले. ते जुन्या रेल्वेच्या वेळापत्रकांचे होते. ग्रंथालयाने ते बाद करून टाकले होते, म्हणून त्याने घरी आणले होते. दागरोस डोळे मिटून रवंथ करीत ऐकत राही. तो थांबला की तिचे कान हलत, मग पुढचे गुडघे हलत. म्हणून तो थांबला नाही. तीन तास मोठ्याने वाचल्यावर त्याच्या लक्षात आले की आपण तीन तास मोठ्याने वाचतो आहोत. तो लाजला. पण गाडी नेमकी डोंगर चढत होती, तेव्हा त्याने स्टेशनापर्यंत वाचून टाकले.

विरजण जागे झाले का, हा प्रश्न राहिलाच होता. झाकण उघडले तर ऊब जाणार, म्हणून उघडायचे नाही. ऐकायचे. शुक्रवारी दुपारी त्याने पिंपाला कान लावला. आत गुडगुड चालली होती. मग शंका आली म्हणून त्याने दागरोसच्या पोटाला कान लावला. तिथेही तीच गुडगुड. पुन्हा पिंपाला लावला. पिंपातली गुडगुड पिंपाची की पिंपाला टेकलेल्या गाईची, हे सांगता येत नव्हते.

“आस्मुंड, तू ऐक.”

आस्मुंडने दोन्हीकडे ऐकले. “कोणीतरी एक नक्की आंबतंय,” तो म्हणाला.

शनिवारी दुपारी एक वाजता आळी आली. नव्वदीचा एलिंग सगळ्यांच्या पुढे. तो दर नाताळला प्रत्येक घरची बिअर पहिल्यांदा चाखायचा आणि त्याचा शब्द वर्षभर टिकायचा. मागे आठ-नऊ जण. प्रत्येकाच्या कोटाच्या खिशात स्वतःचा लाकडी वाडगा. पिंपाला टेकलेली, एका पायात लाल मोजा घातलेली गाय पाहून ते दारातच थांबले.

“गाय आहे,” एलिंग म्हणाला.

“हो,” मोन्स म्हणाला.

सगळ्यांनी बुटांवरचा बर्फ झटकला आणि ते आत आले.

मोन्सने ओव्हरकोट काढला. कातडे काढले, रजया काढल्या. झाकणाच्या कडीला हात लावला आणि तसाच थांबला. झाकण बंद असेपर्यंत ते जिवंत होते. निदान मेलेले नव्हते.

ब्रिटाने झाकणाची दुसरी कडी धरली.

आत फेस होता. पिवळा, जाड, उशीसारखा फुगलेला, पिंपाच्या काठाला टेकलेला. त्यात हजार बारीक बुडबुडे फुटत होते आणि भट्टीघरभर संत्र्याच्या सालीचा वास पसरला. मोन्सला आता बसायचे होते. बसायला जवळ दागरोसच होती, म्हणून तो तिच्यावर बसला.

एलिंगने पहिला वाडगा घेतला. प्यायला. शेवटचा घोट बराच वेळ तोंडात घोळवला. मग सगळ्यांनी घेतले.

एरवी पिंप उघडले की दुसऱ्या वाडग्याला बांध निघतो, तिसऱ्याला जुनी कोर्टकचेरी, चौथ्याला कोणीतरी कोणाची कॉलर धरतो. त्या दिवशी दुसऱ्या वाडग्यानंतर बोलणे विरळ झाले. तिसऱ्यानंतर थांबले. माणसे भिंतीला लागून एका ओळीत, सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी राहिली. चपट्या भाकरीचा एकेक तुकडा दहा-दहा मिनिटे चघळत होती. डोळे ओलसर, मोठे, कशावरही न अडकणारे. आस्मुंड मेंढीच्या खारवलेल्या मांडीवरचे मीठ चाटत होता आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हते. मोन्स त्या ओळीत उभा होता. शेजारच्याचा खांदा त्याच्या खांद्याला लागत होता. आयुष्यात पहिल्यांदाच माणसांच्या घोळक्यात त्याला काही बोलायचे सुचत नाही याची काळजी वाटत नव्हती.

“आरोळी कुणी दिली?” बऱ्याच वेळाने एलिंगने विचारले.

मोन्सला खोटे बोलता येत नसे. “सुरुवात मी केली,” तो म्हणाला. “मग दागरोसनं.”

एलिंगने चघळणे संपवले. “तरीच,” तो म्हणाला. “चांगली आहे.”

साडेचार वाजता, कोणी काही न सांगता, सगळ्यांनी एकदम वाडगे खिशात घातले आणि एकामागोमाग एक, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत, बर्फातून घरी गेले. धारांची वेळ झाली होती.

मोन्सने फेसात बुडवलेले कडे तुळईला टांगले. त्यातून थेंब गळत होते. चार बोटांच्या पापुद्र्याच्या जागी आता सबंध कडे भरले होते. उरलेल्या फेसाची एक बरणी त्याने आस्मुंडसाठी भरली. आस्मुंडने झाकण उघडून वास घेतला आणि बरणी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

दागरोसला घरी न्यायचे होते. आस्मुंडने ओढले, ब्रिटाने ढकलले. शेवटी मोन्सच पुढे झाला, फाटकापर्यंत गेला, वळला. टपालाची गाडी पुन्हा खालच्या रस्त्यावर उभी होती. त्याने एकदा तिकडे पाहिले, मग टोपी कानांवरून वर केली आणि हाक मारली.

हाक तळ्याकाठच्या धक्क्यापर्यंत गेली की नाही ते सांगता येत नाही. पण दागरोस उठली, आणि वरच्या गोठ्यातून आस्मुंडच्या अकराच्या अकरा गाईंनी ओ दिली.

“आता पुन्हा कुंपण,” आस्मुंड म्हणाला.

गाय पोहोचवून परतल्यावर मोन्सने भट्टीघराचे दार आतून लावले आणि पेन्सिल शोधली. सिन्नेवाच्या ओळीखाली, तिच्या अक्षरांना धक्का लागणार नाही अशा बेताने, त्याने बारीक अक्षरात लिहिले:

नववी चालते.